उडता पक्षी टिपायला शिकताना: वावर, बोडी आणि तलावाच्या पाळीवरून

वावरात ट्रॅक्टर नांगरटीला लागला की थोड्याच वेळात गायबगळे जमतात. फाळामागे उघडे पडलेले किडे वेचत ते चालतात, ट्रॅक्टर पुढे गेला की उडतात आणि पुन्हा फाळाजवळ येऊन बसतात. काम संपेपर्यंत हे असंच चालतं. उडत्या पक्ष्याचा फोटो शिकायचा असेल तर सुरुवात इथून करा. पक्षी मोठा आहे, पंख सावकाश हलवतो, माणसाला फारसा बुजत नाही, आणि एक फोटो हुकला तर दोन मिनिटांत दुसरी संधी मिळते.

नवीन कॅमेरा घेतलेले बरेच जण पहिल्याच रविवारी खंड्याची पाण्यातली उडी किंवा वेड्या राघूने हवेत पकडलेला चतुर टिपायला जातात. शे-पाचशे फोटो काढतात, घरी येऊन सगळे पुसतात आणि आपली लेन्सच कमी पडते असं ठरवून टाकतात. दोष बहुधा लेन्सचा नसतो. पक्षी निवडण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी गायबगळा, घार, ढोकरी आणि टिटवी. मग हवेत जागच्या जागी फडफडणारी कापशी आणि तलावावर ये-जा करणारा नदीसुरय. त्यानंतर नीळकंठ आणि कवड्या खंड्या. वेडा राघू, भिंगरी आणि पाकोळी सगळ्यात शेवटी. घारीच्या दहा फोटोंपैकी पाचांत डोळा स्वच्छ दिसू लागला की पुढच्या पक्ष्याकडे वळा, त्याआधी नाही.

सामान

लेन्स बदलता येईल असा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा चालतो. लेन्स निदान ३०० एमएमपर्यंत जाणारी हवी. लहान सेन्सरच्या बॉडीवर ३०० एमएमची चौकट साधारण ४५० एमएमइतकी आवळलेली दिसते, आणि बगळे, घारी, करकोचे यांना तेवढं पुरतं. तलावाच्या मधोमध बसलेल्या बदकांना ६०० सुद्धा अपुरी पडते, म्हणून त्यांच्यासाठी कर्ज काढून मोठी लेन्स घेण्यात अर्थ नाही. १५०-६०० किंवा २००-५०० सारख्या लेन्स दोन किलोंच्या आसपास भरतात. अर्धा तास हातात धरल्यावर दंड थरथरू लागतो आणि फोटोत ते उतरतं. आमच्या मते पहिलं वर्षभर हलकी लेन्स घेऊन जास्त फिरणं, हे जड लेन्स घेऊन कमी फिरण्यापेक्षा केव्हाही बरं.

लेन्सच्या मागे लावून तिचा पल्ला वाढवणारा टेलीकन्व्हर्टर सध्या घेऊ नका. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो, एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि फोकस मंदावतो. उडत्या पक्ष्याच्या मागे पळणाऱ्या फोकसला नेमकं तेच परवडत नाही. स्वस्तातला काचेचा फिल्टर लेन्सपुढे असेल तर काढून ठेवा, धुळीसाठी आणि उन्हासाठी लेन्सचं हूड पुरेसं आहे. ट्रायपॉड घरी राहू द्या, डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यामागे तो फिरत नाही. जड लेन्स असेल तर एका पायाचा मोनोपॉड वाट पाहताना कामी येतो.

मेमरी कार्डात मात्र काटकसर करू नका. कार्ड मंद असलं की सलग फोटो काढताना कॅमेऱ्याची साठवण भरते, आणि पक्षी समोर आलेला असताना शटर अडतं. जादा बॅटरी आणि एक मोठा सुती दुपट्टा सोबत हवा. वाट पाहताना लेन्स उन्हात तापू नये म्हणून दुपट्टा तिच्यावर टाकायचा, आणि कापसाच्या वावराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरची धूळही त्यानेच अडते.

सेटिंग घरूनच करून निघा

तलावावर पोचल्यावर मेनू उघडायचा नसतो. खालची सगळी जुळवाजुळव आदल्या रात्री करा.

पहिली गोष्ट शटरची. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला १० मीटर जातो. शटर १/५०० ला असेल तर ते उघडं असताना पक्षी २ सेंटिमीटर सरकतो, १/२००० ला अर्धा सेंटिमीटर. तुम्ही कॅमेरा पक्ष्याच्याच चालीने फिरवत नेला तर धडाची ही सरक जवळजवळ उरत नाही. पंखांची उरते, कारण ते वर-खाली चालतात. म्हणजे धड स्वच्छ येतं ते तुमच्या हाताच्या फिरण्यामुळे आणि पंख स्वच्छ येतात ते शटरमुळे. पुढे फोटो का बिघडला हे शोधताना ही वाटणी फार उपयोगी पडते.

सारस, करकोचे, बगळे, घारी यांना १/१२५० ते १/१६०० चालतं. टिटवी, बदकं, कापशी, नदीसुरय यांना १/२००० ते १/२५००. खंड्या, वेडा राघू, भिंगरी यांना १/३२०० किंवा त्याहून वेगवान. कोणता पक्षी येईल हे ठाऊक नसेल तर १/२००० ठेवून उभे राहा.

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्या, छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्सचं सगळ्यात मोठं, म्हणजे बहुतेक झूम लेन्सवर एफ/५.६ किंवा एफ/६.३, आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची सेन्सरची संवेदनशीलता, ऑटोवर. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा जुन्या कॅमेऱ्यात ३२००, अलीकडच्यात ६४०० ठेवा. आयएसओ वाढल्याने फोटोत रवाळपणा येतो तो नंतर बराच कमी करता येतो. हललेला पंख मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. म्हणून उजेड कमी पडला तर आधी आयएसओ चढू द्या, शटर शेवटी उतरवा.

फोकस सतत चालणारा हवा: निकॉन आणि सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो एएफ. फोकसचा भाग ना एकच ठिपका, ना अख्खी चौकट. एका ठिपक्यात उडता पक्षी धरून ठेवणं नवख्याला जमत नाही, आणि अख्खी चौकट दिली तर कॅमेरा मागची बाभूळ पकडतो. मधला लहान गट किंवा झोन निवडा. मिररलेसमध्ये पक्षी ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा, पण तिच्या भरवशावर डोळे मिटू नका: पक्षी चौकटीत फार लहान असला, किंवा मागे वाळलेल्या गवताची गुंतागुंत असली, की तीही चुकते.

फोकसला पक्षी सोडून मागे पळण्याची घाई होऊ नये यासाठी आणखी एक सेटिंग असतं. कॅननमध्ये ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी, निकॉनमध्ये फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन. ते सावकाश बाजूला न्या. पक्षी क्षणभर फांदीआड गेला किंवा ठिपक्याबाहेर निसटला तरी फोकस तिथेच थांबून राहतो. लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करणारं बटण असेल तर जवळचा पल्ला बंद करा. नाहीतर एकदा फोकस हुकला की लेन्स अगदी जवळून अनंतापर्यंत अख्खी फेरी मारते, आणि तोवर पक्षी पाळीपलीकडे गेलेला असतो.

हादरे कमी करणारी यंत्रणा १/२००० च्या आसपास काही विशेष देत नाही. लेन्सवर मोड २ (कॅमेरा आडवा फिरवतानाचा) असेल तर तो ठेवा, नसेल तर बंद केली तरी चालेल. सलग फोटोंचा वेग जास्तीत जास्त. मिररलेसमध्ये मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत जोरात फडफडणारा पंख वाकडा, रबरासारखा ताणलेला येतो, कारण सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो. अशा कॅमेऱ्यात यांत्रिक शटरच वापरा. आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, घ्या.

उभं कुठे राहायचं: ऊन आणि वारा

आमच्या अनुभवाने चांगल्या आणि वाईट फोटोंमधला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

ऊन पाठीशी हवं हे सगळेच सांगतात. तुमची सावली पक्ष्याच्या दिशेने पडत असेल तर उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि डोळ्यात चमक येते. पण वाऱ्याचं कोणी सांगत नाही. पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याला सामोरे होतात, कारण समोरून येणारी हवा त्यांना उचलून धरते. म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून पुढे वाहत असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून उडेल. वारा समोरून येत असेल तर दिवसभर फक्त शेपट्या मिळतील.

ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी, अशी जागा आणि वेळ गाठायची. विदर्भात हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. सकाळी ऊनही पूर्वेचंच. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तलावाच्या पूर्वेच्या काठावर, पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य वर आल्यापासून दोन-अडीच तास हा उत्तम काळ. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा होतो. तेव्हा उघाड मिळालेली संध्याकाळ धरा आणि पश्चिमेच्या काठावर उभे राहा. उभं राहण्याआधी दर वेळी मूठभर सुकी माती हातातून सोडून बघा, पावसाळ्यात गवताची काडी. तलावाच्या पाळीमुळे आणि झाडीमुळे वाऱ्याची दिशा जागेवर बदललेली असते.

तिसरी गोष्ट जमिनीची. काळ्या मातीचं नांगरलेलं वावर उजेड पिऊन टाकतं, म्हणून त्यावरून जाणाऱ्या पक्ष्याच्या पंखांची खालची बाजू अंधारी येते. तोच पक्षी पाण्यावरून, नदीच्या वाळूवरून किंवा कापणी झालेल्या धानाच्या पिवळ्या धसकटांवरून गेला तर खालून परतलेला उजेड त्याच्या पोटावर आणि पंखांखाली पडतो. घारीसारख्या गडद पक्ष्याचा फोटो वाळूवर किंवा धसकटांवर घ्या. पांढरा बगळा मात्र काळ्या मातीवर फार उठून दिसतो, पंखांखालच्या सावलीसकट.

उन्हाची वेळ सांभाळण्याचं आणखी एक कारण आहे. जमीन तापली की हवेच्या लहरी उठतात आणि पन्नास-साठ मीटरपुढचा पक्षी कितीही नेमका फोकस केला तरी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. हिवाळ्यात हे साधारण साडेनऊ-दहानंतर जाणवू लागतं, एप्रिल-मे महिन्यांत आठच्या आतच. त्यावर कोणतंही सेटिंग नाही. जवळचे पक्षी घ्या, वर आकाशाकडे घ्या, नाहीतर घरी जा. एसी लावलेल्या गाडीतून लेन्स काढल्या काढल्याही हाच घोळ होतो: थंड लेन्स आणि गरम हवा यांच्यामुळे हूडच्या आतच लहरी तयार होतात. पोचल्यावर लेन्स सावलीत पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. पावसाळ्यात काचेवर दव धरतं ते वेगळंच.

पक्षी उडणार हे आधी कसं कळतं

टिटवी बसल्या जागी दोन-तीनदा डोकं वर-खाली करते, मग ओरडत उठते. बगळा आणि ढोकरी आधी किंचित वाकतात आणि मग झेप घेतात. बदकांच्या थव्यात माना उंच होऊ लागल्या आणि डोकी झटकली जाऊ लागली की थवा उठायच्या बेतात असतो. घार, कापशी, नीळकंठ यांनी शेपटी उचलून विष्ठा टाकली की पुढच्या काही क्षणांत ते बरेचदा उडतात. ही खूण दिसली की श्वास रोखा आणि बोट शटरवर ठेवा.

कापशीवर थोडा जास्त वेळ घालवा. विजेच्या तारेवर किंवा तुरीच्या वावरातल्या एकट्या खांबावर ती बसलेली असते. उंदीर हेरायला वावरावर येते आणि हवेत एका जागी थांबून पंख मारत राहते, डोकं स्थिर, नजर खाली. इथे पाच-दहा सेकंद मिळतात. मग ती पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचलून पाय खाली सोडत उतरत जाते, मध्ये एकदा थांबते, पुन्हा उतरते. नवखे लोक ती थांबलेली असतानाच सगळे फोटो काढून कॅमेऱ्याची साठवण भरून बसतात आणि पंख वर जातात तेव्हा कॅमेरा अडलेला असतो. थांबलेली असताना तीन-चार फोटो घ्या, मग बोट उचला, आणि पंख वर गेले की दाबून धरा.

कवड्या खंड्याही पाण्यावर असाच थांबतो, चोच सरळ खाली रोखून. त्याची बुडी मात्र इतकी झटक्यात होते की तिच्यामागे कॅमेरा नेणं पहिल्या वर्षात जमेल असं समजू नका. थांबलेला खंड्या हाच मोठा फोटो आहे.

वेडा राघू किडा पकडून बहुतेकदा त्याच काडीवर परततो. त्यामुळे त्याच्या उडण्यामागे धावण्यापेक्षा काडीच्या थोडं अलीकडे फोकस धरून ठेवायचा आणि तो परतताना शेवटच्या हातभर अंतरात सलग फोटो घ्यायचे. नदीसुरय धरणाच्या काठाने एकाच रेषेत वर जातो, खाली येतो. दोन फेऱ्या नुसत्या बघा, तिसऱ्या फेरीला कॅमेरा उचला. गायबगळे संध्याकाळी रोज त्याच वाटेने ठरलेल्या चिंचेवर किंवा बांबूच्या बेटावर मुक्कामाला जातात. त्या वाटेखाली पश्चिम पाठीशी घेऊन उभं राहिलं की शेवटच्या उन्हात थव्यामागून थवे डोक्यावरून जातात.

हात, पाय आणि डोळा

1. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. पायाची बोटं पक्षी जिथे ओलांडून जाईल तिकडे ठेवा, आणि कमरेतून वळून तो जिकडून येतोय तिकडे बघा. म्हणजे फिरताना अंग पिळलं जाण्याऐवजी मोकळं होत जातं. उलटं उभं राहिलात तर नेमक्या क्षणी कंबर अडते.

2. डावा तळहात लेन्सच्या खाली, पुढच्या अर्ध्याजवळ. कोपरं बरगड्यांना टेकलेली. कॅमेरा हातांनी नाही, कमरेने फिरवायचा.

3. पक्षी येण्याआधीच तो ज्या अंतरावरून जाईल तितक्याच अंतरावरच्या एखाद्या झुडपावर किंवा खांबावर फोकस करून ठेवा. हे विसरलं की व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता पांढरा धूर दिसतो आणि पक्षी सापडतच नाही.

4. झूम आखडून, म्हणजे २०० एमएमच्या आसपास, पक्षी शोधा. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्याला लावा. खाली बघून मग पक्षी शोधत बसू नका. पक्षी सापडला की झूम वाढवा.

5. दूर असतानाच पाठलाग सुरू करा, पण शटर दाबू नका. फोकसचं बटण दाबून-सोडून-दाबून ताजं करत राहा. पक्षी चौकटीचा निदान चौथा भाग व्यापू लागला की पाच ते आठ फोटोंची एक सर काढा, क्षणभर थांबा, दुसरी सर.

6. शेवटचा फोटो निघाल्यावरही कॅमेरा फिरवत राहा. शटर दाबताच हात थांबवण्याची सवय लागली की सरीतले शेवटचे दोन फोटो नेहमी हललेले येतात.

हे सगळं घराच्या गच्चीवरून पारव्यांवर आणि कावळ्यांवर रोज वीस मिनिटं करता येतं. पंधरा दिवस केलं तर फरक दिसतोच.

पांढरा बगळा, काळा पाणकावळा आणि मधलं आकाश

कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. उजळ आकाशापुढे घार आली तर त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि घार नुसती काळी आकृती होते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याचं सेटिंग) +१ ते +१.७ पर्यंत न्या. गडद झाडीपुढून किंवा काळ्या मातीवरून बगळा जात असेल तर उलट होतं: बगळा चुन्यासारखा पांढराफटक येतो, पिसांची एक रेघ उरत नाही. तिथे −०.७ ते −१.

पण बगळा आधी झाडीपुढे, मग आकाशापुढे, मग पाण्यापुढे असा उडत जातो, आणि ऑटो आयएसओ प्रत्येक वेळी नवा हिशोब करतो. खरं तर बगळ्यावर पडणारं ऊन बदललेलंच नसतं. म्हणून स्वच्छ ऊन असेल तर ऑटो आयएसओ बंद करून आकडे बांधून टाका. हिवाळ्यातल्या सकाळी नऊच्या सुमारास बगळ्यासाठी एफ/६.३, १/३२००, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा. एक फोटो घ्या, कॅमेऱ्यात हायलाइटचा इशारा चालू ठेवा, पाठीवर काळं-पांढरं लुकलुकलं तर शटर आणखी एक पायरी वेगवान करा. पाणकावळ्यासाठी याच उजेडात आयएसओ ८०० ते १०००. ढग येत-जात असतील तर मात्र ऑटो आयएसओवर परत या.

बिघाड फोटोतूनच ओळखा

घरी आल्यावर फोटो लगेच पुसू नका. शंभर टक्के मोठा करून बघा.

अख्ख्या चौकटीत एकाच दिशेने रेघा ओढल्यासारखं दिसत असेल तर हात पक्ष्याच्या चालीने फिरला नाही. डोळा आणि छाती स्वच्छ, पण पंखांची टोकं पुसट असतील तर शटर कमी पडलं. मोठ्या पक्ष्यात टोकांची किंचित पुसटता छान दिसते, ती घालवायला धावू नका. पक्षी धूसर आणि मागचं पळसाचं पान रेखीव असेल तर फोकस मागे गेला: झोन लहान करा आणि पाठलाग मोकळ्या आकाशात सुरू करा. शेपटी स्वच्छ, डोळा पुसट असेल तर पक्षी तुमच्याकडे येत होता आणि फोकस मागे राहिला. अशा वेळी फोटो थोडे आधी आणि लहान सरींत घ्या. काहीच स्वच्छ नसेल, कडा वितळल्यासारख्या असतील, तर हवेच्या लहरी.

फोटो निवडताना डोळा आधी बघा. मग पंख: पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेले ठेवा, मधले आडवे शक्यतो काढून टाका. पक्ष्याची मान तुमच्यापासून वळलेली असेल तर पंख कितीही सुंदर असले तरी फोटो उभा राहत नाही. चौकट कापताना पक्ष्यापुढे जागा मागच्यापेक्षा जास्त सोडा.

कुठे आणि केव्हा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. इथले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांतले बरेच कोहळी समाजाच्या हातचे आहेत. तलाव उथळ आणि काठाला गवताळ असल्याने हिवाळ्यात त्यावर पट्टकदंब, चक्रवाक आणि तऱ्हेतऱ्हेची बदकं उतरतात. नवेगावबांध सगळ्यांना माहीत आहे, पण शिकायला गावाशेजारची बोडी, म्हणजे लहान तळंच बरं, कारण पक्षी जवळून जातात.

रोवणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बगळे आणि मुग्धबलाक असतात. कापणीनंतर धसकटांवर टिटव्या आणि कापशी. पश्चिमेकडे, वाशीम, अकोला, यवतमाळकडे, हिवाळ्यात माळावर आणि हरभऱ्याच्या वावरांवर भोवत्या जमिनीलगत घिरट्या घालतो. पळस फुलला की पळसमैनांचे थवे येतात. थव्यासाठी छिद्र एफ/८ ठेवा आणि फोकस सगळ्यात जवळच्या कडेवर.

वावर, जंगल आणि पक्षी सांभाळून

वावरात शिरण्याआधी विचारा. "काका, धुऱ्यावर (बांधावर) थोडा वेळ उभं राहू का, बगळ्यांचे फोटो घ्यायचे आहेत," एवढं म्हटलं की कोणी क्वचितच नाही म्हणतं, आणि सारस किंवा कापशी रोज कुठे येते हेही तेच सांगतात. पीक तुडवायचं नाही, धानाची बांधी ओलांडायची नाही. तारेचं कुंपण दिसलं तर हात लावू नका: रानडुकरांसाठी काही ठिकाणी रात्री त्यात वीज सोडलेली असते आणि सकाळी बंद करायची राहून जाते. अंधारात गवतातून चालताना घोट्यावर येणारे बूट आणि टॉर्च हवीच, घोणस वाटेवरच पडून असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीसारख्या भागांत जंगलाला लागून असलेल्या तलावावर पहाटे एकट्याने जाऊ नका, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून गवतात बसून राहू नका. वाघ तिथे पाण्यावर येतो. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या आणि ऊन वर आल्यावर जा.

उडतानाचा फोटो हवा म्हणून बसलेला थवा उठवू नका. टाळ्या, दगड, धावत जाणं, नावाड्याला नाव आत न्यायला सांगणं, यातलं काहीही नाही. हजारो किलोमीटर उडून आलेले पट्टकदंब चरायला आणि विसावायला उतरलेले असतात. दर उठवणीला त्यांची खाल्लेली ताकद खर्च होते, आणि त्रास वाढला की ते तो तलाव सोडतात. तशा फोटोत पक्षी तुमच्यापासून पळतानाच दिसतात, पाठमोरे. चरणाऱ्या पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली की तिथेच थांबा. दोन-तीन मिनिटांत त्याने पुन्हा खायला सुरुवात केली नाही तर चार पावलं मागे या.

महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदियाच्या भागातच उरले आहेत आणि ते धानाच्या बांधीत घरटं करतात. त्या दिवसांत जोडी दिसली तर रस्त्यावरूनच फोटो घ्या आणि निघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरटं किंवा अंडी विस्कळीत करणं हा शिकारीच्या व्याख्येतच येतो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणंही नको, विणीच्या काळात तर मुळीच नको. फोटो फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकताना कॅमेऱ्याचं आणि मोबाईलचं लोकेशन बंद आहे ना ते बघा, आणि घरट्याजवळच्या पक्ष्याच्या फोटोखाली तलावाचं किंवा गावाचं नाव लिहू नका, तालुका लिहिला तरी पुरे.